दोष पिस्तुलाचा की मॅगझिनचा?

बेरेटा एम९ हे अमेरिकी सैन्यानं वापरलेलं पिस्तूल वाळूत अडकतं, म्हणून ते भरवशाचं नाही, हे मत मला पटत नाही. इराकमधल्या अमेरिकी सैनिकांच्या तक्रारींत मोठा वाटा मॅगझिनचा, म्हणजे मुठीत बसणाऱ्या काडतुसांच्या पेटीचा होता. तिच्यावरचा फॉस्फेटचा लेप खडबडीत. त्यावर बारीक धूळ बसली की काडतुसं वर सरकायचीच नाहीत. पुढे गुळगुळीत लेपाची मॅगझिन्स आली.

माझ्या जुन्या पिस्तुलात शेवटची गोळी झाडल्यावर स्लाइड (पिस्तुलाचा मागे-पुढे सरकणारा वरचा भाग) मागे थांबेना. मी पिस्तूल उघडलंसुद्धा नाही, फक्त मॅगझिनची स्प्रिंग बदलली आणि काम झालं! (मॅगझिन्सवर नंबर टाकून ठेवा, दोषी कोण ते लगेच कळतं.) एम९ ची रिकॉइल स्प्रिंग (स्लाइडला परत पुढे ढकलणारी) मात्र ५,००० गोळ्यांनंतर बदलाच. ती थकली की स्लाइडचे दणके थेट फ्रेमला, म्हणजे खालच्या सांगाड्याला बसतात.