किंक्स: ब्लेडनं चिरलेला आवाज
कुणी म्हणतं, भावाभावांचा ब्रिटिश बँड म्हणजे नव्वदच्या दशकातला ओअ‍ॅसिस. अहो, त्यांच्या तीस वर्षं आधी डेव्हिस बंधू होतेच की! उत्तर लंडनमधल्या मसवेल हिलचे रे आणि डेव्ह, ‘किंक्स’ या रॉक बँडचे. १९६४ मध्ये किंक्सच्या पहिल्या दोन रेकॉर्डी साफ आपटल्या. तिसरी ‘यू रिअली गॉट मी’. धाकट्या डेव्हनं आपल्या स्वस्तातल्या छोट्या अँप्लिफायरच्या स्पीकरचा कागदी पडदा ब्लेडनं चिरला आणि त्यातून तो खरखरीत, गुरगुरता आवाज निघाला. पोरगं जेमतेम सतरा वर्षांचं! पहिलं रेकॉर्डिंग रेला गुळमुळीत वाटलं, हट्टानं पुन्हा करायला लावलं. सप्टेंबरात गाणं ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरवर. (त्यातला गिटारचा एकल तुकडा पुढे लेड झेपेलिन बँडमुळे गाजलेल्या जिमी पेजनं वाजवला म्हणतात, ती लोणकढी थाप आहे.)

१९६५ मध्ये ऑस्ट्रेलियाला जाताना किंक्स मुंबईत थांबले. पहाटे कामाला निघालेल्या मच्छीमारांचं गाणं रेच्या कानावर पडलं, त्यातून ‘सी माय फ्रेंड्स’ सुचलं. सतार नाहीच, गिटारवरच तंबोऱ्यासारखा सूर धरलाय. बीटल्सच्या सतारीवर भाळलेल्यांनी हे जरूर ऐकावं, त्या सतारीच्या काही महिने आधीचं आहे.