कंचेभागुबेव: १२ − ५ + ३ मध्ये आधी बेरीज का नाही?

प्रश्न: मुलगी सातवीत आहे, मराठी माध्यम. काल तिने १२ − ५ + ३ चं उत्तर ४ काढलं. ५ + ३ च्या खाली पेन्सिलीने रेघ ओढून ८ लिहिले होते. म्हणाली, "आई, कंचेभागुबेवमध्ये 'बे' आधी, 'व' नंतर." (कंचेभागुबेव म्हणजे गणितातल्या क्रियांचा क्रम लक्षात ठेवायचं सूत्र: कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी.) कॅल्क्युलेटरवर १० आले तशी रडवेली झाली. बाईंनी शिकवलेलं चूक कसं असेल? तिला पटेल असं कसं सांगू?

उत्तर: सूत्र बरोबर आहे, पण बेरीज-वजाबाकी एकाच पायरीवर बसतात. डावीकडून जे आधी येईल ते आधी. भागाकार-गुणाकाराचंही तसंच: २४ ÷ ८ × ३ = ९, १ नव्हे. मी शिकवणीत मुलांना प्रत्येक संख्येला तिच्या डावीकडच्या चिन्हासकट गोल करायला लावतो. वजाचं चिन्ह फक्त ५ चं आहे, ३ चं नाही.

उत्तर: पैशांवर सांगा. जवळ १२ रुपये, ५ खर्चले, आजीने ३ दिले. आजीने दिलेले कुणी खर्चात धरतं का?

प्रश्नकर्ती: ओट्यावर नाणी मांडली. आजीचे ३ तिने स्वतःच सरकवले आणि १० मोजले! आता विचारतेय, 'चे' वेगळं कशाला, तोही गुणाकारच ना?

उत्तर: गुणाकारच, पण भागाकाराच्या आधी करायचा. २४ ÷ ६ चे १/२ म्हणजे २४ ÷ ३ = ८. 'चे' च्या जागी × असतं तर २ आले असते. छान विचारलंय तिने.