समाजमंदिरातली एक खोली: तालीम की अभ्यासिका?

मानखुर्दची ताई
आमच्या वस्तीत समाजमंदिराच्या खोलीवरून वाद चाललाय. काहींना तिथे अभ्यासिका हवी आहे, आम्ही रोज संध्याकाळी मुलांच्या पथनाट्याची तालीम घेतो. माझं मत तालमीच्या बाजूने.

गेल्या वर्षी पाण्याच्या टँकरवर नाटक बसवलं. नववीतली एक मुलगी, वर्गात हजेरीलासुद्धा जिचा आवाज फुटत नसे. तिला भूमिका नको होती, म्हणून वही दिली: कोण आलं, चहाचे किती, ढोलकीचं भाडं किती. एकदा हिशोबात ४० रुपये कमी भरले. मुलं एकमेकांवर घसरायला लागली. हिने सगळ्यांना गोल बसवलं, वही मधे ठेवली आणि पहिल्या पानापासून एकेक नोंद वाचली. पैसे ढोलकीवाल्याला दिलेले होते, लिहायचे राहिले होते. पुढे पोलीस ठाण्यात माईकच्या परवानगीचा अर्ज घेऊन हीच गेली, रात्री १० ला बंद करू असं लिहून देऊन आली. नेतृत्व मी यालाच म्हणते.

सुभाष, कुर्ला
ताई, एका मुलीवरून सगळं ठरवू नका. माझा भाचा दहावीला होता. हंडीच्या सरावात मनगट मोडलं, दोन महिने हातात पेन धरता आलं नाही. १४ वर्षांखालच्या मुलांना थरात घ्यायला बंदी आहे, हा १५ चा, म्हणजे नियमात बसला! दवाखान्याचा खर्च बहिणीने केला. आणि टी-शर्टवर ज्यांचा फोटो होता त्यांच्या प्रचारफेरीत पुढे हीच पोरं झेंडे घेऊन. कसलं नेतृत्व? दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं राहतात. त्या पोराला आधी टेबल आणि शांतता द्या.

परळकर
सुभाषराव, तुमचा राग खरा आहे, पण तो चुकीच्या ठिकाणी जातोय. माझे वडील गिरणीत होते. १९४४ मध्ये अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकरांनी लाल बावटा कलापथक काढलं. अण्णाभाऊंची शाळा दीड दिवसाची. पण कामगारांच्या मैदानात हजारोंना धरून ठेवण्याची ताकद त्यांच्यात होती, कारण गाण्यातला प्रश्न ऐकणाऱ्यांच्या घरातला होता. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, मंडळं राहिली, आणि मांडवावर प्रायोजकाचा बॅनर चढला. पैसा ज्याचा, विषय त्याचा. रत्नाकर मतकरींनी ठाण्यात ‘वंचितांचा रंगमंच’ उभा केला तेव्हा वस्तीतल्या मुलांनी आपल्याच जगण्यावर नाटकं लिहिली आणि बसवली. थरावर चढवणं आणि हे, दोन्ही एकाच मापाने मोजू नका.

गोवंडीची मुलगी
मी चार वर्षं लेझीम पथकात होते. मिरवणुकीत मुली पुढे, फोटोत मुली पुढे. बैठक रात्री साडेनऊला, म्हणजे आम्ही घरी. पावतीपुस्तक एकाही मुलीच्या हातात कधी आलं नाही. ताईंनी वही दिली, ते मला नाटकापेक्षा मोठं वाटतं.

मानखुर्दची ताई
बैठकीची वेळ हा मुद्दा नेमका आहे. आमची साडेसहालाच असते, नळाला पाणी यायच्या आत. बॅनर आम्ही घेत नाही, घरटी २० रुपये काढतो. सुभाषदादा, खोली सकाळपासून संध्याकाळी सहापर्यंत अभ्यासिका केली तर? जानेवारी ते मार्च पूर्ण वेळ.

सुभाष, कुर्ला
दिवसा पोरं शाळेत असतात. सहानंतरच घराघरात टीव्ही लागतो, माणसं कामावरून परततात. शांतता लागते ती तेव्हाच.

मानखुर्दची ताई
हे मला खोडता येत नाही. दिवाळीनंतर तालीम मैदानात नेऊ, तिथे दिवा आहे. पावसाचे चार महिने मात्र आम्हाला छप्पर लागेलच, तेवढ्यासाठी मी भांडणार.