फॉरेन्सिक्स शिकवताना टूल आधी की फाइल सिस्टिम आधी?

नवा_मास्तर
पुढच्या सेमिस्टरला कॉम्प्युटर आणि नेटवर्क फॉरेन्सिक्सचा पेपर माझ्या गळ्यात पडलाय, मी मूळचा नेटवर्किंगवाला. मागे एक लॅब घेतली होती तर पोरं ऑटॉप्सी (तपासाचं टूल) उघडतात, इमेज (डिस्कची हुबेहूब प्रत) लोड करतात, डिलीट केलेले फोटो दिसले की खूश, पण ती फाइल परत आली कशी विचारलं की सगळे माझ्याच तोंडाकडे बघतात. सुरुवात कुठून करू? आणि सरावाला डेटा कुठला?

हेक्सवाली
पहिले दोन आठवडे टूल बंदच. छोटी फॅट (एक जुनी, साधी फाइल सिस्टिम) इमेज द्या आणि कच्चे बाइट दाखवणारा हेक्स एडिटर. फाइल डिलीट केली की डिरेक्टरी एन्ट्रीचा (फोल्डरमधल्या तिच्या नोंदीचा) पहिला बाइट ई५ होतो, फॅटमधली साखळी (फाइलचे तुकडे कुठे आहेत त्याची नोंद) पुसली जाते, पण डेटा जागच्या जागी असतो, हे स्वतः बघितलं की डोक्यात बसतं. मग तोच खेळ ट्रिम (डिलीट झालेली जागा मोकळी करायची सोय) चालू असलेल्या एसएसडीवर करायला लावा, बहुतेक वेळा हाती शून्यच येतात, तेव्हाचे चेहरे बघण्यासारखे असतात 😄

पॅकेटपंत
डेटा डिजिटल कॉर्पोरा या साइटवर फुकट आहे. नेटवर्कला नाइट्रोबाची केस घ्या. काल्पनिक विद्यापीठ, शिक्षिकेला त्रास देणारे मेल, आयपी होस्टेलच्या एका खोलीपर्यंत नेतो आणि तिथे निघतो बिनपासवर्डचा वायफाय राउटर! आयपी सापडला की केस सुटली म्हणणारी पोरं इथेच अडकतात, मग मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डाचा ओळख क्रमांक), कुकी, वेळा जुळवत बसावं लागतं. उत्तर नेटवर सापडतं, त्यामुळे मार्क नुसत्या गुन्हेगाराच्या नावाला देऊ नका, तिथवर कसे पोचले त्याला द्या. शिवाय त्यातलं ट्रॅफिक उघडं आहे, आता बहुतेक सगळं टीएलएसने एन्क्रिप्ट केलेलं, म्हणून सोबत स्वतःचं एक कॅप्चर (ट्रॅफिकचं रेकॉर्डिंग) द्या आणि विचारा, नुसत्या डीएनएस (साइटच्या नावांची चौकशी), वेळा आणि बाइट्सवरून काय ठामपणे म्हणता येईल?

हॅश_जुळला_का
दोन आठवडे हेक्स म्हणजे निम्मी पोरं झोपतील हो मॅडम. मी आधी पुरावा हाताळायला शिकवतो. एकाने डीडी (डिस्कची प्रत काढणारी कमांड) चालवताना इनपुट आणि आउटपुटची अदलाबदल केली, आख्खी पुराव्याची पेनड्राइव्ह साफ! त्यानंतर राइट ब्लॉकर (पुराव्यावर काही लिहू न देणारं उपकरण) कशाला हे मला कधी समजावावं लागलं नाही. आणि रिपोर्ट दुसऱ्या ग्रुपला द्या, त्यावरून त्यांना तेच निष्कर्ष काढता आले तर मार्क. निम्मे रिपोर्ट वेळेच्या नोंदींवरच आपटतात, फॅट लोकल टाइम ठेवते, विंडोजची एनटीएफएस यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ), आणि लिहिणारा कुठला टाइमझोन ते सांगतच नाही.

नवा_मास्तर
भारी. रॅमची लॅब शेवटी ठेवू का?

हॅश_जुळला_का
उलट आधी. आरएफसी ३२२७ (पुरावा गोळा करायची मार्गदर्शिका) वाचायला द्या, २००२ चं आहे पण क्रम तोच, जे लवकर उडून जाणार ते आधी गोळा करायचं. मशीन बंद केल्यावर रॅममध्ये काय शोधणार?