पाकिटावर नाव लिहावं का? (ख्रिस्ती दानधर्म: गुपचूप की समोरासमोर)

शेवंता_नगर

गेल्या रविवारी आमच्या मंडळीत हंगामाचा सण झाला. अहिल्यानगर जिल्ह्यातलं चर्च, गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही. वेदीपुढे बाजरीची कणसं, भोपळे, पाय बांधलेल्या कोंबड्या. उपासनेनंतर लिलाव. एक भोपळा साडेआठशेला गेला, घेणाऱ्याच्या घरात भोपळा कोणी खात नाही म्हणे!

मग सेक्रेटरींनी कागद काढला. मंडळीतल्या एका विधवा बाईंच्या मुलीची नर्सिंगची फी भरायची होती, त्यासाठी कोणी किती दिले त्याची यादी. अमुक यांच्याकडून पाच हजार, टाळ्या. तमुक यांच्याकडून दोन हजार, टाळ्या. ती मुलगी तिसऱ्या बाकावर बसलेली. तिची मान खाली गेली ती शेवटच्या प्रार्थनेपर्यंत वर आली नाही. यादीत माझंही नाव होतं, हे आधीच कबूल करते.

बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 6व्या अध्यायात प्रभू येशू स्पष्ट सांगतो की दान करताना पुढे तुतारी वाजवू नका. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये. म्हणून माझं मत: गरजूला द्यायचं ते बंद पाकिटात, नाव न लिहिता, पाळकसाहेबांच्या (म्हणजे पाद्रींच्या) हाती. देणारा घेणाऱ्याला कळू नये आणि घेणारा देणाऱ्याला. तुम्हाला काय वाटतं?

जुना_डीकन

ताई, यादी वाचणं चूकच. पण तुमचा उपाय मला पटत नाही. पाकीट टाकलं, घरी आलो, मटण खाऊन झोपलो, इतकं सोपं दान दुसरं नाही. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात भाऊबहीण उघडे आणि उपाशी असताना "सुखाने जा, ऊब घ्या व तृप्त व्हा" म्हणणाऱ्याला सुनावलंय, नुसत्या बोलण्याचा काय उपयोग? आजची पाकिटं पुष्कळदा तसलंच "सुखाने जा" असतात, फक्त आत नोट.

पंडिता रमाबाई 1896-97 च्या दुष्काळात स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीतल्या मुलींना घेऊन आल्या. केडगावचं मुक्ती मिशन त्यातून वाढलं. त्यांनी नुसती मनीऑर्डर धाडली असती तर?

आणि ज्या डोंगरावरच्या प्रवचनात तुमची तुतारी आहे, त्यातच जरा आधी, 5व्या अध्यायात, लोकांनी तुमची सत्कर्मे पाहून स्वर्गातील पित्याचे गौरव करावे, असंही आहे. पाहून! मग पाकिटात काय पाहणार?

शेवंता_नगर

डीकनसाहेब, रमाबाईंचं उदाहरण तुम्ही अर्धंच घेतलंत. 1889 ला मुंबईत त्यांचं शारदा सदन, विधवांसाठीची शाळा, निघालं ते कोणाच्या पैशावर? 1887 मध्ये बॉस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि तिने दहा वर्षं खर्च उचलायचं वचन दिलं. त्यातल्या बहुतेक वर्गणीदारांनी त्या मुलींचं तोंडही पाहिलं नसेल. प्रत्येकाला रमाबाई होता येत नाही. उरलेल्यांनी पाकीट टाकायला काय हरकत आहे?

जुना_डीकन

हरकत नाही. पण केडगाव बॉस्टनहून लांब होतं. ही मुलगी तुमच्या पुढच्या बाकावर बसते.

वसईकरीण

आम्ही कॅथोलिक, आमच्याकडची रीत सांगते. धर्मग्रामात, म्हणजे एका चर्चच्या हद्दीत, गरजूंना मदत करणारी सेंट विन्सेंट डी पॉल सोसायटी असते. 1833 मध्ये पॅरिसला फ्रेडरिक ओझानामने मित्रांबरोबर ती सुरू केली, तेव्हा तो वीस वर्षांचा विद्यार्थी होता. सभासद दोघादोघांनी गरजूंच्या घरी जातात, बसतात, चहा घेतात, औषधाची चिठ्ठी बघतात. कोणाच्या घरी गेलो ते बाहेर बोलायचं नाही. आणि बैठकीत एक पिशवी फिरते. प्रत्येकजण मूठ मिटून हात आत घालतो. कोणी पाचशे टाकले, कोणी दहा, कोणी रिकामीच मूठ उघडली, कोणालाच कळत नाही. माझ्या सासूबाई वीस वर्षं जात होत्या. कोणाकडे, हे त्यांनी सासऱ्यांनाही सांगितलं नाही, आणि सासरे तर चौकशी केल्याशिवाय झोपणारे नव्हेत.

म्हणजे पैसा लपलेला आणि माणूस समोर. तुम्ही दोघं या दोन गोष्टींची एकच मोट बांधून भांडताय असं मला वाटतं.

घेणारा_एक

इथे सगळे देणारेच बोलताहेत. मी घेतलेलं आहे, म्हणून लिहितो.

मी बारावीत असताना वडील गेले. त्यानंतर तीन वर्षं दर महिन्याला पाळकसाहेब एक पाकीट आणून द्यायचे. वर लिहिलेलं असायचं, "एक बंधू". शेवंताताई, तुम्हाला हवं तसंच. त्या तीन वर्षांत मी मंडळीत कोणाशीही भांडलो नाही. तरुण संघाच्या क्रिकेटमध्ये धडधडीत नाबाद असताना आऊट दिलं, तरी गप्प. न जाणो, तोच बंधू असायचा. ओळखीच्या माणसाने दिलं असतं तर एकाचा मिंधा झालो असतो. हा अख्ख्या चर्चचा झालो.

मला आजही माहीत नाही तो कोण. आता हयात नसेलही. आभार मानायचे राहून गेले, ते वेगळंच.

कोपरगावची_लेक

वरच्या दादांचं वाचून गलबललं, पण माझी गोष्ट उलट आहे. मला देणाऱ्या काकू ओळखीच्या होत्या, अगदी आमच्या गल्लीतल्या. दोन वर्षं डी.एड.चा खर्च केला. ईस्टरला ताईने घेतलेला ड्रेस घातला तर चर्चच्या पायरीवर, "नवा दिसतोय, कितीला पडला गं?" मोबाईल घेतला तेव्हा आठ दिवस बोलल्या नाहीत. मनाने वाईट नव्हत्या हो. पण माझ्या प्रत्येक रुपयाचा हिशोब आपल्याला विचारायचा हक्क आहे असं त्यांना वाटायचं. मला तर ते "एक बंधू" पाकीट शंभरदा चालेल!

खजिनदार

जरा रुक्ष लिहितो. डाव्या हाताला कळू नये हे ठीक, पण आयकर खात्याला कळावंच लागतं. निव्वळ धार्मिक ट्रस्टला बिननावाचं दान चालतं, म्हणून दानपेटी चालते. पण शाळा किंवा दवाखाना चालवणाऱ्या धर्मादाय ट्रस्टकडे बिननावाची रक्कम ठरावीक मर्यादेबाहेर गेली की तीस टक्के कर. देणगीदाराला सवलत हवी असेल तर रोख दोन हजारांच्या वर चालत नाही आणि 2021-22 पासून त्याचं नाव-पॅन आम्हाला विवरणात भरावं लागतं.

आणि पाकीट पाळकाच्या हाती द्या म्हणता, ते मोजणार कोण? बायबलमध्ये करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या 8व्या अध्यायात प्रेषित पौल वर्गणी नेताना मंडळ्यांनी निवडलेली माणसं बरोबर घेतो, कोणी दोष लावू नये म्हणून. पौलाला साक्षीदार लागले, आपले पाळक तर पौलापेक्षा थोडे खालीच. पावती फाडा, वहीत नाव लिहा, वही कपाटात ठेवा. व्यासपीठावर आणू नका.

चाळकरी_भांडुप

शेजारी ख्रिस्ती नसेल तर काय, यावर कोणी बोललं नाही. आमच्या पणजोबांना गावाने आयुष्यभर ऐकवलं, "पोटासाठी बाटला". 2020 च्या लॉकडाऊनमध्ये आम्ही चाळीत तांदूळ-डाळ वाटत होतो, तर एका भाऊंनी पिशवी हातात घेऊन विचारलं, "बदल्यात यायचं कुठे?" हसत विचारलं, पण विचारलं. दुसऱ्या दिवसापासून आम्ही सामान गणपती मंडळाच्या पोरांकडे दिलं, त्यांनी घरोघर पोचवलं. आमचं नाव कुठेही नाही. माझ्या मते अशा वेळी बिननावानेच द्यावं, तांदळाला चर्चचा वास येता कामा नये.

जुना_डीकन

चाळकरी, हे मात्र मुळीच पटलं नाही. उद्या कळलंच की धान्य चर्चचं होतं, तर म्हणतील, "बघा, लपूनछपून वाटतात." तेव्हा काय उत्तर द्याल? त्या भाऊंना तोंडावर सांगायचं होतं, "कुठेच यायचं नाही, भात शिजवा." आणि खरंच कधी बोलवायचं नव्हतं. दहा वर्षं तसं वागून दाखवलं की प्रश्न आपोआप थांबतो. नाव लपवून पणजोबांचा डाग जाणार नाही.

चाळकरी_भांडुप

दहा वर्षं तुम्ही थांबा साहेब. त्या आठवड्यात घरात डाळ नव्हती.

वसईकरीण

येशूच्या दाखल्यातला चांगला शोमरोनी आठवा. वाटेत लुटारूंनी मारून टाकलेल्या अनोळखी माणसाच्या जखमांवर त्याने तेल आणि द्राक्षारस स्वतः ओतला, जनावरावर बसवून नेलं, रात्रभर शुश्रूषा केली, उतारशाळेच्या मालकाला दोन दिनार दिले, जास्त खर्च झाला तर परत आल्यावर देईन म्हणाला. हात पूर्ण लावला आणि नाव शेवटपर्यंत कळत नाही. शिवाय तो परक्या जातीचा, चाळकरींच्या चाळीतलाच म्हणा ना.

खजिनदार

मालकाला नाव माहीत असणार. नाहीतर उधारीवर ठेवलं नसतं.

शेवंता_नगर

काल संध्याकाळी त्या मुलीच्या आईकडे गेले होते. डीकनसाहेब, तुमच्यामुळेच गेले, खूष व्हा. वाटलं, टाळ्यांचं बोलतील, रडतील. तर बाईंची तक्रार भलतीच. "नावं वाचली त्याचं काय नाय ताई, कोणी दिलं ते मला कळायलाच हवं की. पण आकडे कशाला वाचले? वाण्याने बेरीज केली. सोमवारी सकाळी उधारी मागायला दारात हजर." मग आम्ही दोघी इतक्या हसलो की मुलगी आतून बघायला आली.

पंच कमिटीची बैठक पुढच्या शुक्रवारी आहे. आकडे वाचायचे नाहीत, असा ठराव मांडते. पाकिटाचं माझं मत अजून तेच आहे, फक्त आधी त्या बाईंना विचारायला हवं होतं.

जुना_डीकन

आकड्यांना माझं अनुमोदन लिहून घ्या. पाकिटावर शुक्रवारी तुमच्या पाळकसाहेबांसमोर भांडू, मला फक्त गावाचं नाव कळवा.