आधी मदत मागा, मग सोडायचं बघा

नोकरी बदलल्यापासून वेळ मिळत नाही, डेबियन या लिनक्स प्रणालीतलं, तुम्ही सांभाळत असलेलं पॅकेज (सॉफ्टवेअरचा संच) सोडून द्यावं का, असं तुम्ही विचारलंय. एकदम सोडू नका. ‘मदत हवी’ आणि ‘दत्तक घ्या’ अशा दोन वेगळ्या नोंदी तिथे करता येतात. आधी पहिली करा. मी माझ्या पॅकेजबाबत आठ महिने नुसता गप्प बसलो होतो. कुणीतरी पाठवलेला चार ओळींचा पॅच (दुरुस्तीचा कोड) तसाच पडून राहिला, त्याचं अजून वाईट वाटतं. आता रविवारी सकाळी चहाबरोबर एक बग (चुकीची तक्रार) उघडतो, एकच. सुटला नाही तर निदान ‘पाहिलं’ एवढं लिहितो.

को-मेंटेनर (पॅकेज सांभाळणारा जोडीदार) मात्र पारखून घ्या. फायली लहान करणाऱ्या एक्सझेड या सॉफ्टवेअरच्या थकलेल्या मेंटेनरला मदत करत एकाने दोन वर्षांहून जास्त काळ विश्वास कमावला आणि २०२४ मध्ये त्यात बॅकडोअर (गुपचूप आत शिरायची चोरवाट) घुसवला.