क्रो लोक आणि सुरुवातीच्या काउंटी जत्रा

प्रश्न : अमेरिकेतील मोंटाना राज्यातले क्रो, म्हणजेच अप्सालुके लोक, विसाव्या शतकाच्या आरंभी जत्रांमध्ये व मिरवणुकांमध्ये भाग घेत, तो स्वेच्छेने की सरकारी दडपणामुळे?

प्रतिसाद १ : दोन्ही कारणे होती. सरकारी एजंट सॅम्युअल रेनॉल्ड्स यांनी १९०४ मध्ये काउंटी (म्हणजे जिल्हा) पातळीवरील जत्रांच्या धर्तीवर 'क्रो फेअर' सुरू केला, तो शिकारीवर जगत आलेल्या या लोकांनी शेतीकडे वळावे म्हणून. धान्य, भाजीपाला आणि जनावरे यांना बक्षिसे असत. मात्र एरवी ज्या नृत्यांवर सरकारची करडी नजर असे, त्यांना या दिवसांत मोकळीक मिळत असल्यामुळे क्रो लोकांनी हा मेळा पाहता पाहता आपलासा केला. एजंटसाहेबांना हे कितपत अपेक्षित होते, कोण जाणे!

प्रतिसाद २ : मिरवणुकीविषयी थोडी भर घालतो. तिचा खरा मान घोड्यावर बसलेल्या स्त्रियांचा. मणिकामाने मढवलेला घोड्याचा साज आणि एल्क हरणाच्या दातांनी सजवलेला पोशाख हे त्यांचे वैभव. एका एल्कचे असे दोनच दात मिळतात, त्यामुळे शेकडो दातांचा पोशाख कुटुंबातील शिकाऱ्यांचे कौशल्यच मिरवीत असे.

प्रतिसाद ३ : हा मेळा आजही ऑगस्टमध्ये क्रो एजन्सी या गावी भरतो आणि सकाळची मिरवणूक कायम आहे.